पंखा बंद करणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

"नाव कशाला लिहिता जी, पाटीवर आहे तेवढं पुरे," असं तुम्ही म्हणालात, म्हणून तुमचं नाव इथे लिहीत नाही. चंद्रपुरात ज्यांनी तुमच्याकडून लग्नाचे फोटो, आजोबांच्या तसबिरी आणि मुलांची प्रमाणपत्रं मढवून घेतली आहेत ते ओळखतीलच. दुकानात येऊन आभार मानायला लागले की तुम्ही पट्ट्यांचे नमुने पुढे करता आणि विषय तिथेच संपवता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

वन्यजीव सप्ताहातल्या प्रदर्शनात माझं पेस्टलच्या खडूंनी काढलेलं अस्वलाचं चित्र भिंतीवर लागलं. लोक अगदी जवळ जाऊन बघत होते. एका आजींनी विचारलं, "एवढं काळं जनावर, पण यात काळा रंग कुठे आहे गं?" या प्रश्नानं मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही, कारण त्या चित्रात काळी कांडी मी नाकपुड्यांना आणि डोळ्यांनाच लावली आहे. बाकीचं सगळं अस्वल नीळ, गडद जांभळा, काळपट हिरवा आणि करपलेला तपकिरी यांचं बनलं आहे. आजींना मी रंग समजावत होते खरी, पण मनात तुम्ही होतात. ते चित्र माझ्या घरातून निघून, एक केसही न पुसटता, काचेमागे जाऊन भिंतीवर पोचलं, ते तुमच्यामुळे. आणि मुळात ते अस्वल तसं निघालं, त्यातही तुमचा हात आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना वाटेल की चित्र मढवण्यात एवढं काय. त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेस्टल म्हटलं की आपल्याला एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला नेलेली ऑइल पेस्टलची डबी आठवते. त्या खडूंत मेण आणि तेल असतं, त्यामुळे रंग कागदाला चिकटून बसतो. मी वापरते ते सॉफ्ट पेस्टल वेगळे. त्यात रंगाची पूड, थोडी खडूची भुकटी आणि कांडी हातात धरता येईल इतपतच डिंक असतो. कागदावर घासलं की पूड कागदाच्या खरखरीत अडकून राहते. रांगोळी जशी जमिनीवर नुसती टेकलेली असते, तशीच. तेल नाही, म्हणून काळानुसार पिवळं पडणं नाही. व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरानं अठराव्या शतकात काढलेले पेस्टलचे चेहरे आजही टवटवीत दिसतात त्याचं हेच कारण. पण टेकलेली पूड एका बोटानं, एका शिंकेनं, वाऱ्याच्या एका झोताने जाते, हीसुद्धा त्याच गुणाची दुसरी बाजू आहे.

आणि जंगली जनावरांच्या केसांसाठी या पुडीसारखं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. जलरंगात केस काढायचे तर पांढरा कागद आधीपासून राखून ठेवावा लागतो. तेलरंगात थर वाळायची वाट बघावी लागते. पेस्टलमध्ये गडदावरून फिकटाकडे जाता येतं, म्हणजे जनावराच्या अंगावर केस जसे आतून बाहेर येतात तसंच चित्रही आतून बाहेर येतं. आधी सावली, मग मधला रंग, मग वरचे उन्हात चमकणारे केस. वाघाच्या डोळ्यांवरचे पांढरे ठिपके अगदी शेवटी, कांडीच्या कडेनं एकाच फटक्यात. तो फटका जमला की अंगावर काटा येतो.

अडचण एकच. कागदाची खरखर भरली की वरचा रंग घसरायला लागतो. साध्या कार्ट्रिज कागदावर दोन-तीन थरांतच हे होतं. परदेशात यासाठी खास वाळूचा थर दिलेले कागद मिळतात. इथे ते मागवायचे तर एका कागदाच्या किमतीत महिन्याची भाजी येते, आणि जो कागद खराब करायची भीती वाटते त्यावर कोणी प्रयोग करत नाही.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. नावं घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

एका मोठ्या शहरात, काचेच्या दाराचं, एसी असलेलं फ्रेमचं दुकान. मी बिबट्याचं चित्र घेऊन गेले होते. बटर पेपरमध्ये गुंडाळलेलं, वरून दोन पुठ्ठे. काउंटरवर तीनदा सांगितलं की हे पेस्टल आहे, काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये अंतर हवं. "हो मॅडम, होऊन जाईल." चित्र परत मिळालं तेव्हा काच थेट कागदावर दाबून बसवलेली होती, आणि बसवताना सरकवलेलीही. बिबट्याच्या गालावरच्या ठिपक्यांना शेपट्या फुटल्या होत्या. मिशा काचेच्या आतल्या बाजूवर उमटल्या होत्या. मी बोलायला लागले तर उत्तर मिळालं, "खडूचं चित्र आहे, असंच होणार." पैसे पूर्ण घेतले. चूक माणसाकडून होते, काचही सरकते. पण "असंच होणार" हे वाक्य मला आजही सहन होत नाही. ज्यानं चित्राकडे एकदाही नीट पाहिलं नाही त्यानं ते चित्र काय लायकीचं आहे हे ठरवून टाकलं होतं.

त्याआधी एका कार्यशाळेत, शिकवणाऱ्या सरांनी माझ्या कोळसुनाच्या मानेवरून न विचारता अंगठा फिरवला होता. "असं ब्लेंड करायचं असतं." रानकुत्र्याचे लालसर, ताठ केस क्षणात सपाट झाले, मऊ कापसाचं खेळणं झालं. वर्गासमोर. कोणी काही बोललं नाही. केस असलेल्या जनावरावर बोट कुठे फिरवायचं आणि कुठे अजिबात नाही, हाच तर सगळा विषय आहे. तो शिकवायला हवा होता.

हे सगळं मनात घेऊन मी तुमच्याकडे आले ती मे महिन्यातली दुपार होती. चंद्रपूरचा मे. बाहेर पाऱ्यानं पंचेचाळीस ओलांडलेले, तुमच्या दुकानाला पत्र्याचं छत, कोपऱ्यात कूलर आणि डोक्यावर घरघरणारा पंखा. मी एवढंच म्हणाले की खडूचं चित्र आहे. अजून दोरीची गाठही सोडली नव्हती. तुम्ही हात वर केलात.

"थांबा ताई, उघडू नका अजून." आणि मागे वळून पोराला म्हणालात, "कूलर बंद कर बे. पंखाही."

पोरानं बंद केला. पंख्याची पाती पूर्ण थांबेपर्यंत तुम्ही चित्राकडे नाही, पात्यांकडे बघत राहिलात. मग खांद्यावरचा दुपट्टा कपाळाला घट्ट बांधलात. मला आधी कळेना की हे कशासाठी. नंतर लक्षात आलं, घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून. हात धुतलेत, पुसलेत, आणि विचारलंत, "आता उघडू?"

काका, मला कोणीही, कधीही, माझ्या चित्राबद्दल असं विचारलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही, आणि ते माझ्यावर फार माया करतात.

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आत आली. एक जण म्हणाले, काय हो, पंखा तरी लावा, जीव जातो की काय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दहा मिनिटं जी. ताईचं चित्र उघडं आहे." त्या घामाच्या धारांत तुम्ही मापं घेतलीत, परत बटर पेपर ठेवलात, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलीत, आणि मग पोराला खूण केलीत. पंखा सुरू झाला. तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं, आणि घामात ते कोणाला दिसलं नाही याचं मला बरं वाटलं.

नंतर तुम्ही सांगितलंत की तरुणपणी नागपूरच्या ज्या उस्तादांकडे काम शिकलात, त्यांच्याकडे जुन्या पद्धतीचे मोठे केलेले फोटो यायचे, ज्यांवर कोळशानं आणि खडूनं हात फिरवलेला असे. असा फोटो उघडायचा तर आधी वारा बंद, हा त्यांचा शिरस्ता. उस्ताद गेले, तसे फोटो गेले, आणि तुम्ही ती सवय इतकी वर्षं सांभाळलीत, गरज पडेल की नाही याची खात्री नसताना. त्या उस्तादांनाही माझा नमस्कार.

मला सगळ्यात जास्त आठवते ती ही दहा मिनिटं. पण पुढे तुम्ही जे केलंत त्यानं माझं काम बदललं.

निघताना तुम्ही टेबलाखालून एक खोकं ओढलंत. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापल्यावर मधून निघणारे तुकडे, राखाडी, मातकट, गडद हिरवे, चॉकलेटी. "फेकतोच मी हे. बघा काही उपयोग होते का." वर बजावलंत की हा साधा बोर्ड आहे, काही वर्षांनी पिवळा पडतो, यावर फक्त सराव करा, ठेवायचं चित्र चांगल्या बोर्डावर. दुसरा कोणी असता तर हे सांगितलं नसतं.

त्या खोक्यानं मला चुकायची, फेकायची, पुन्हा करायची मुभा दिली. रंगीत बोर्डावर काम करायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं की जनावराचा मधला रंग कागदालाच देऊन टाकला की अर्धं काम होतं. मातकट तुकड्यावर चितळ काढलं तर पाठीचा रंग आधीच तिथे असतो, फक्त सावली आणि ठिपके द्यायचे. मग खरखर वाढवायचे प्रयोग सुरू केले. हार्डवेअरच्या दुकानातला चारशे नंबरचा पॉलिश पेपर वापरून पाहिला. थर कितीही चढतात, पण कांडी बघता बघता झिजते आणि तो कागद टिकाऊ नाही. मग पांढरी रांगोळी वस्त्रगाळ केली, तोंडाला मास्क लावून, आणि ती अ‍ॅक्रेलिक जेसोत, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तरात, मिसळून तुमच्या तुकड्यांवर रुंद ब्रशनं दिली, एकदा उभी, वाळल्यावर एकदा आडवी. ब्रशच्या रेघा राहतात. त्याच रेघांत अस्वलाचे केस सापडले.

अस्वलच का, हेही तुम्ही कधी विचारलं नाहीत. बाकी सगळे विचारतात. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये अंधारीसह व्याघ्र प्रकल्प झाला, आणि आमच्या जिल्ह्यात चित्र म्हणजे वाघ, पाटी म्हणजे वाघ, कीचेन म्हणजे वाघ. "वाघ काढा मॅडम, अस्वल कोण घेणार?" वाघ मलाही प्रिय आहे. पण माझ्या लहानपणी गल्लीत दरवेशी यायचा. अस्वलाच्या नाकात दोरी, आणि आया मुलांच्या ताईतात घालायला त्याचा एक केस मागून घ्यायच्या. नंतर ताडोबात मोकळं अस्वल पाहिलं, वारुळात लांब नखं घालून माती उडवणारं, धुळीनं माखलेलं, कोणाचंही ऐकायचं नसलेलं. तेव्हापासून मला ते तसंच काढायचं होतं. आणि काळं जनावर पेस्टलमध्ये काढणं ही सर्वांत कठीण गोष्ट आहे. काळी कांडी फिरवली की तिथे जनावर उरत नाही, भोक दिसतं.

पावसाळ्याच्या तोंडावर मी तीन तुकडे घेऊन तुमच्याकडे आले होते. पहिल्यावर रंग बोटानं घोळवून, वरून पेस्टल पेन्सिलीनं एकेक केस. दुसऱ्यावर प्रत्येक थरानंतर फिक्सेटिव्हचा, म्हणजे पूड कागदाला धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा. देगा हा फ्रेंच चित्रकार असे फवारे मारत थरांवर थर चढवायचा, म्हणून करून पाहिलं. यात थर चढतात, पण उजळ रंग फवाऱ्यानं गडद पडतात. तिसऱ्यावर आधी नीळ आणि तपकिरी स्पिरिटच्या ब्रशनं पसरून घेतले, वाळू दिले, आणि मग कांडीच्या कडेनं केस न काढता केसांच्या झुबक्यांमधल्या फटी काढल्या. आकाशाकडच्या केसांवर थंड निळसर, जमिनीकडच्यांवर मातीचा तपकिरी. शेवटचे उजळ फटकारे फवाऱ्याविना, तसेच मोकळे.

तुम्ही पंखा बंद करून तिन्ही बघितलेत. बराच वेळ. मग म्हणालात, "हे दोन विंचरल्यावाणी दिसून राह्यले ताई. अस्वलाले कोण विंचरते? हा तिसरा. हा अस्वल आहे."

मग तुम्ही सांगितलंत की लहानपणी आईबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जायचात, आणि एकदा मोहाखाली आधीच कोणीतरी वाकलेलं दिसलं. आईनं तुमचं तोंड दाबलं आणि दोघं पाय मागे घेत घेत आलात. "त्याच्या खांद्यावरचे केस असेच फुटून पडत होते, दोन्हीकडे. आणि तोंड पांढुरकं." मोहाच्या दिवसांत अस्वलाशी गाठ पडून किती माणसं जखमी होतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही मात्र भीतीबरोबर त्याचे केसही लक्षात ठेवलेत. तुमच्या त्या आठवणीवरच मी मोठं चित्र केलं. पुस्तकातले फोटो बाजूला ठेवले. मान आणि खांद्यावरचे केस सर्वांत लांब ठेवले, मुस्कट फिकट आणि जवळजवळ उघडं, छातीवरचा पांढरा इंग्रजी व्ही अर्धा झाकलेला. तिथे कुठेही बोट फिरवलं नाही.

मढवण्याच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, तुम्हालाच ते आवडणार नाही. एवढंच सांगते की माउंटच्या मागे तुम्ही न दिसणारी बारीक पट्टी बसवलीत, म्हणजे पुढेमागे थोडी पूड झडली तरी ती माउंटवर न सांडता मागच्या फटीत जाईल. हे मी सांगितलं नव्हतं. मी स्वस्त पडेल म्हणून अ‍ॅक्रेलिक शीटचं विचारलं तेव्हा तुम्ही एक तुकडा कापडानं घासून खडूच्या भुकटीजवळ धरलात आणि भुकटी उडून त्याला चिकटलेली दाखवलीत. बोलला काहीच नाहीत. काच बसली.

काका, आपल्याकडे कलेला आश्रय, कलेची जाण असे शब्द मोठमोठ्या सभांत वापरतात. माझ्या वाट्याला ही जाण पत्र्याच्या छताखाली आली. दुसऱ्याचं काम आपल्या हातात आलं की ते आपल्या कामाहून जपून धरायचं, एवढं ज्याला कळतं तो माणूस मला कुठल्याही पदवीपेक्षा मोठा वाटतो. असे लोक गावोगाव आहेत. शाळेच्या वह्यांना मायेनं पुठ्ठा घालणारे, शिवणाचं मशीन दुरुस्त करून देताना सुईसुद्धा नवी घालून देणारे, पोस्टात म्हाताऱ्यांचा फॉर्म भरून देणारे. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण त्यांच्या हातून काही बिघडत नाही. तक्रारी लिहायला आपल्याकडे वेळ असतो. बिबट्याच्या त्या काचेबद्दल मी तेव्हा कितीजणांना सांगितलं होतं. मग तुमच्या पंख्याबद्दल त्याहून जास्त जणांना सांगायला नको?

आता रानगवा सुरू केला आहे. तुमच्या खोक्यातल्या गडद राखाडी तुकड्यांवर सराव चालला आहे. त्याचे केस आखूड आणि गुळगुळीत, पाठीवर निळसर चकाकी, गुडघ्याखाली पांढरे मोजे. इथे मात्र बोटानं घोळवायलाच हवं, नाहीतर तो कातडीचा ताण येत नाही. मोज्यांचा पांढरा अजून जमलेला नाही, जरा पिवळट हवा. नमुने घेऊन दिवाळीनंतर येते, तुम्ही बघून सांगा. पट्टी तुम्हीच निवडा, मागच्या वेळची सागवानी रंगाची फार शोभली. आणि या वेळी खोक्याचे पैसे लावायचे, नाहीतर मी तुमच्या पोराच्या हातात ठेवून जाईन. अस्वलाचा एक छापील फोटो सोबत आणते आहे, दुकानात लावलात तर मला फार आवडेल.

आपली कृतज्ञ,
अस्वलवाली ताई